तीन महिन्यांच्या सह्या

तिसरा मजला मागे पडला आणि चौथा यायच्या आत लिफ्टला एक हिसका बसला. फार मोठा नव्हे. चालताना चपलेचा अंगठा अडकावा आणि माणसानं सावरावं, एवढाच. पण सावरल्यावर माणूस पुढे चालू लागतो. लिफ्ट चालली नाही. पंख्याची घरघर थांबली, दिवा मंद होऊन पुन्हा लागला आणि जाळीच्या दारापलीकडे दोन मजल्यांमधली भिंत आली. ती रंगवायचं कधी कुणाच्या मनातही आलं नसणार, सिमेंटचे ओघळ तसेच वाळून राहिलेले. ताईनं पर्स पोटाशी घट्ट धरली. पर्समध्ये फॉर्म होता. फॉर्म पाचव्या मजल्यावर द्यायचा होता आणि पाचच्या आत द्यायचा होता, कारण तिकडे गावाबाहेरच्या केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी धाकट्या भावासाठी एक खाट आजच्या संध्याकाळपर्यंतच धरून ठेवली होती.

“घ्या! बसा आता भजन करत,” शेजारची बाई म्हणाली. तिच्या छातीशी फायलींचा गठ्ठा होता आणि हनुवटीनं तिनं तो दाबून धरला होता. ती या इमारतीत मजल्यामजल्यांवर फायली पोचवायची. खाली रखवालदारानं तिला मावशी म्हणून हाक मारलेली ताईनं ऐकली होती. मावशीनं कोपरानं घंटेचं बटण दाबलं. कुठेतरी खोल खाली एक घंटा दमल्यासारखी वाजली. “घाबरू नका हो. ही आमची म्हातारी अशीच रुसते मधूनमधून. समजूत काढायला वर माणूस जाईल, हातानं चाक फिरवेल, की येईल ठिकाणावर.” मग ताईच्या चेहऱ्याकडे बघून ती जरा नरमाईनं म्हणाली, “पहिल्यांदाच का?”

ताईनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. लिफ्टबद्दल तिला काय ठाऊक नव्हतं? एकोणीस वर्षं घरात दुसरं बोलणं नव्हतं. धाकटा भाऊ लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक. कामाला लागला त्या आठवड्यात त्यानं तिला स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं करून, एक डबा सुतळीला टांगून, सगळं समजावलं होतं. लिफ्ट पडत नाही ताई, पडायचं ठरवलं तरी पडत नाही. वर एक चाक असतं, ते नुसता वेग बघत बसतं. दोर सुटला, वेग वाढला, की ते चाक खाली निरोप धाडतं आणि दोन चिमटे दोन्हीकडच्या रुळांना असे कचकन धरतात. त्यानं तिचं मनगट धरून दाखवलं होतं. तेव्हाचा त्याचा हात काय सांगावा! घड्याळजीचा हात. सुईच्या टोकावर ठेवलेला मोहरीचा दाणा पडू द्यायचा नाही असा. “मग इतकं आपोआप होतं तर तुला पगार कशाचा?” तिनं चिडवलं होतं. आणि तो हसून म्हणाला होता, “ते चिमटे दर महिन्याला बघावे लागतात ना. गंजले तर धरायचेच नाहीत. ते बघायचा पगार.”

तिला आठवायचं नव्हतं. पण अडकलेल्या माणसाच्या मनाला दार कुठलं असतं? ते हिंडतं ते आतल्या आतच. तिला आठवला तो एप्रिलमधला रविवार, तीन महिन्यांपूर्वीचा. भर दुपारी धाकटा दारात उभा, तोंडात खोकल्याची गोळी. खोकला नसताना तो त्या गोळ्या चघळायला लागला होता, त्यालाही तेव्हा दोन वर्षं होऊन गेलेली. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत कार्डं, अकरा लिफ्टची अकरा, आणि फोरमनकडे जायची वही. तो टेबलाशी बसला, पेन उघडलं, आणि पेनाचं टोक कागदावर टेकलं तसं नाचायला लागलं. टक टक टक टक. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट दाबून धरलं, तर दुसराही नाचायला लागला. दोघंही ते बघत बसले होते. जणू तो हात तिसऱ्याच कुणाचा आहे. “बघून आलोय गं सगळ्या,” तो खालमानेनं म्हणाला होता. “फक्त सही राहिलीय. तुझं अक्षर चांगलं आहे.” तिचं अक्षर चांगलंच होतं. कॉलेजच्या कचेरीत तीस वर्षं तिनं प्रमाणपत्रांवर नावं लिहिली होती. जाड निबेचं पेन, काळी शाई, रेघ म्हणजे रेघ. भावाची सही तिला न बघता येत होती. शाळेत असल्यापासून तो ती गिरवायचा, शेवटी एक लपेटा मारायचा, दोर गुंडाळून ठेवावा तसा. तिनं तो लपेटा अकरा वेळा मारला. तारीख घातली. ‘ठीक’ असं लिहिलं. मग पुढच्या महिन्यात पुन्हा अकरा. आणि त्याच्याही पुढच्या. एवढंच तिच्या मनात होतं, की या सहीपायी त्याची नोकरी जाऊ नये. नोकरी गेली तर तो दिवसभर घरी बसेल. घरी बसला तर… त्यापुढचं वाक्य ती कधी पुरं करत नसे.

“वा! सही बघा पठ्ठ्यानं कशी झोकात ठोकलीय,” मावशी म्हणाली.

ताईनं वर बघितलं. बटणांच्या वर, काचेच्या चौकटीत, तपासणीचं कार्ड होतं. वेळ घालवायला मावशी ते वाचत होती. लिफ्ट क्रमांक सात. वरच्या ओळी धाकट्याच्याच हातच्या, आधी ठाम, मग हळूहळू तुटक, मार्चमधली तर पावसात भिजल्यासारखी पसरलेली. आणि खाली तीन सह्या एकदम तरुण. सरळ, काळ्या, ठसठशीत. ठीक. ठीक. ठीक. शेवटचा लपेटा इतका सुबक, की तो या जन्मी भावाला जमणं नाही.

सात नंबर म्हणजे ही, हे तिला माहीत नव्हतं. तिच्यासाठी सात हा नुसता आकडा होता, सहाच्या खालचा आणि आठच्या वरचा. त्या आकड्याला जाळीचं दार असतं, त्यात फायली घेतलेली बाई उभी असते, हे तिच्या मनात आलंच नव्हतं. पायाखालची पत्र्याची फळी एकदम पातळ वाटायला लागली. फळीच्या खाली तीन मजले अंधार. वर दोर. आणि मध्ये ते चिमटे. कुणी बघितले ते? कुणी?

“सह्या काय, सगळेच करतात,” मावशी हनुवटी हलवून म्हणाली. “बघतो कोण? मी तर म्हणते, आपल्या देवानं वरून दोर धरलाय म्हणून चाललंय.”

तेवढ्यात लिफ्ट हातभर खाली सरकली. आपणहून. वर काहीतरी करकरलं, मावशीच्या फायली धबाधबा खाली आल्या आणि ताईच्या तोंडून “देवा!” एवढंच निघालं. पुढं काय मागायचं ते सुचेना. रोज सकाळी ती हात जोडायची तेव्हा मागणं तयार असायचं, त्याला सोडव, त्याला बरा कर. आता ओठांवर आलं ते भलतंच. ही लिफ्ट पडू देऊ नकोस, म्हणजे माझी सही खोटी ठरणार नाही. हे का मागणं झालं? ती स्वतःलाच भ्याली. मावशीनं एका हातानं तिचा दंड धरला होता, आणि दुसऱ्या हाताची बोटं जाळीत अडकवून ती वर तोंड करून ओरडत होती, “अरे मेल्यांनो, माणसं आहेत आत! बटाटे नाहीत!”

त्या धरलेल्या दंडात ताईला आपल्याच नाडीचे ठोके लागत होते. गेले पाच महिने ती असेच ठोके मोजत जगत होती. पाच महिने ती धाकट्याची दारू सोडवणारी जागा शोधत होती. एका ठिकाणी फोनवरचा माणूस मोठ्या उत्साहानं म्हणाला होता, “पंधरा दिवसांत सरळ करतो, कुलूप आहे, दांडके आहेत, काळजीच सोडा.” एका ठिकाणी हिरवळीचे, कारंज्याचे फोटो दाखवले आणि रक्कम अशी सांगितली, की तिला वाटलं हे कारंजंच विकतायत. सरकारी दवाखान्यात खाटा आठ, आणि वहीत नावं दीडशे, तिथली नर्स बिचारी भली, तिनं नाव लिहून घेतलं आणि म्हणाली, “अधूनमधून चौकशी करत जा, माणसं गळतात यादीतून.” कशानं गळतात ते तिनं सांगितलं नाही आणि ताईनं विचारलं नाही. एकदा तर तिनं टपालानं पुडीही मागवली होती, पाठवणाऱ्यानं तिच्यावर छापलं होतं, गुपचूप चहात घाला, पिणाऱ्याला पत्ता लागणार नाही. धाकट्यानं तो चहा प्यायला, आणि न्हाणीघराच्या फरशीवर दोन तास ओकत पडला. ती बाहेर उभी राहून दाराच्या लाकडाला डोकं टेकवून म्हणत होती, मारला मी याला. रात्रभर बसली होती त्याच्या उशाशी. सकाळी तो म्हणाला, “ताई, काल काहीतरी बाधलं गं,” आणि ती म्हणाली, “हो, दूध नासलं होतं.”

मग त्या डॉक्टरीणबाई सापडल्या. गावाबाहेर जुनी इमारत, बारा खाटा, फोनवरच त्यांनी साफ सांगितलं, आधी एकवीस दिवस, मग तीन महिने. ओढून आणू नका, माझ्याकडे कुलूप नाही. आणि घरी एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊन माणूस जातो. येईपर्यंत जे चाललंय ते थोडंथोडं चालू दे. ताईनं हे ऐकलं आणि तिला पहिल्यांदा वाटलं, इथं कुणाला तरी माहीत आहे. पैसे? कंपनीच्या कामगार निधीतून मिळत होते, एकदाच, जवळजवळ सगळे. फक्त एक अट. कामात व्यसनामुळे कसूर झालेली नसावी. तसं फोरमननं लिहून द्यायचं. फोरमननं वही काढली, महिन्यामागून महिने उलटले, अकराच्या अकरा सह्या जागच्या जागी, आणि खूष होऊन लिहून दिलं. कसूर नाही. तो फॉर्म आता पोटाशी धरलेल्या पर्समध्ये होता. म्हणजे, तिच्या सह्यांनी तो फॉर्म उभा केला होता, आणि तिच्या सह्यांखाली ती स्वतः टांगलेली होती.

वरून कुणीतरी चाक फिरवायला लागलं. भिंत इंचाइंचानं वर सरकली, सिमेंटचे ओघळ गेले, उजेडाची एक फट आली आणि तिसऱ्या मजल्याचा व्हरांडा दिसला. रखवालदारानं जाळी ओढली. “या, या. झोप झाली का?” “तुझ्या बायकोला कोंडीन एकदा यात, मग विचारीन,” मावशी म्हणाली, आणि सगळे हसले. ताईही हसली. हसताना तिचे दात एकमेकांवर वाजले. वरचे दोन मजले ती जिन्यानं चढली, कठडा दोन्ही हातांनी धरून, आणि चढताना तिनं मनाशी ठरवून टाकलं, की बोलायचं नाही. फॉर्म द्यायचा, शिक्का घ्यायचा, खाली यायचं. खाली रस्त्यापलीकडे बसथांब्यावर धाकटा बसलेला होता. सकाळी त्यानं आपणहून दाढी केली होती, तीन ठिकाणी कापून घेतलं होतं. एकदा का त्याला तिथं पोचवलं, की मग लिफ्टचं बघता येईल. निनावी पत्र टाकता येईल. फोन करता येईल. उद्या.

निधीच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून फॉर्म वाचत होत्या. टेबलावर पाण्याचा ग्लास, त्यावर झाकण, झाकणावर एक टाचणी. “नशीबवान आहात,” त्या म्हणाल्या. “दारू पितो, पण कामात चूक नाही, असा माणूस मला या खुर्चीवर बसून सापडला नव्हता. आमचा नियमच तसा आहे बघा. पोहता येत असेल तर बुडणाऱ्याला दोर.” स्वतःच्याच विनोदावर त्या बारीक हसल्या. शिक्का शाईच्या गादीवर टेकवला. “भाऊ का सख्खा?”

“सख्खा,” ताई म्हणाली. “त्याच्याकडे डोळ्यांच्या दवाखान्याची लिफ्ट आहे.”

हे तिनं का म्हटलं? ते ओठांवर होतं हेही तिला ठाऊक नव्हतं. तो दवाखाना तिच्या डोळ्यांसमोर होता एवढंच. धाकटा गमतीनं सांगायचा, तिथं सगळे एका डोळ्यानं बघतात ताई, मला बरं. एका डोळ्यावर पट्टी बांधलेली म्हातारी माणसं, मुलीचा नाहीतर सुनेचा हात धरून, पाय आधी चाचपून मग लिफ्टमध्ये टाकणारी. ती म्हातारी तिला आता एकेक करून दिसत होती. त्यांना कार्ड वाचता येत नव्हतं. वाचता आलं असतं तर त्यांना तिचं अक्षर आवडलं असतं.

“बरं मग?” बाई म्हणाल्या.

“तीन महिने झाले. त्या सह्या माझ्या आहेत. त्यानं लिफ्ट बघितल्या की नाही, मला माहीत नाही. अकरा आहेत.”

शिक्का गादीवरच राहिला. बाईंनी आधी दाराकडे बघितलं, मग पंख्याकडे, मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? हे मी ऐकलं तर हा फॉर्म बाद. नोकरी बाद. तुमच्यावर काय येईल ते वेगळं. बाहेर बाकावर बसा. पाणी प्या. पाच मिनिटांनी आत या, आणि पहिल्यापासून बोला. नमस्कारापासून.” त्या वाईट नव्हत्या. त्यांनी ग्लासावरचं झाकणसुद्धा काढलं. आणि ताईला इतकं जायचं होतं त्या बाकावर, इतकं, की तिचे पाय वळलेही होते. बाहेर उन्हाचा पट्टा होता. बाक होतं. पाच मिनिटांत जग जसंच्या तसं होणार होतं. तिला वाटलं, आईच्या मागे वाढवलेलं पोर, त्याच्यासाठी एवढं पाप मला पचवता येऊ नये? पण पाप पचवायचं म्हटलं तर ते तिच्या एकटीच्या पोटात राहणार होतं का? ते अकरा ठिकाणी टांगलेलं होतं, आणि आत्ता, या क्षणी, कुणीतरी एका पायानं चाचपत त्यात शिरत होतं.

“आधी लिफ्ट बंद करा,” ती म्हणाली. “बाई, तुमच्या पाया पडते, आधी फोन लावा. दवाखान्याची आधी.”

बाईंनी शिक्का बाजूला ठेवला. मग चष्मा डोळ्यांवर आणला, फोन ओढला आणि फोरमनचा नंबर फिरवला. पलीकडचा आवाज चढत गेला तो ताईला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होता. काय, किती, कुणी सांगितलं, बहीण? बहीण? बाई नुसत्या “हो” म्हणत होत्या. फोन ठेवून त्यांनी फॉर्म आडवा फाडला नाही, शिक्काही मारला नाही. नुसता उलटा करून ताईच्या बाजूला सरकवला. “जा,” त्या म्हणाल्या. “चौकशीचं पत्र घरी येईल. आणि… एकट्या राहू नका आज.”

जिन्याच्या वळणावर उभं राहून तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पैसे मिळाले नाहीत, म्हणाली. का, ते सांगितलं नाही. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “एकवीस दिवसांचे भरता येतील?” बँकेतली ठेव मोडली तर येत होते. छपरासाठी ठेवली होती. “येतील,” ती म्हणाली. “आणि पुढचे तीन महिने?” ताईनं फॉर्म दुमडून पर्समध्ये टाकला, तोवर डॉक्टरीणबाईच पुढे बोलल्या. “ठीक आहे. एकवीसमध्ये उभा राहिला तर पुढचं बोलू. सातपर्यंत आणा. तो येतोय ना?” “येतोय,” ताई म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला कळलं, की आपण हेही न बघताच लिहून दिलं.

रस्ता ओलांडताना तिला तो दिसला. होता. गेला नव्हता. बाकाच्या टोकाशी, हात खिशात कोंबून, गुडघे एकमेकांना दाबून बसलेला. गालावर कापल्याच्या जागी वाळलेलं रक्त. तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, “झालं?”

“नाही झालं.” ती शेजारी बसली. सांगायला तिनं शब्द निवडले नाहीत. निवडले असते तर एखादा गाळला गेला असता. “मी सह्यांचं सांगितलं. नोकरी गेली तुझी. अकराही बंद करतायत.”

एक मोटार गेली. मग दुसरी. तिला वाटलं तो उठेल. उठेल आणि त्या कोपऱ्याकडे चालायला लागेल, जिथं हिरव्या दाराचं दुकान होतं, आणि ती इथं बसून त्याची पाठ बघत राहील, आणि हीच ती वेळ असेल जिला ती पाच महिने भीत होती. तिनं त्याच्या बाहीचं टोक चिमटीत धरलं. घट्ट नाही.

“दवाखान्याची?” त्यानं विचारलं.

“सगळ्यात आधी.”

त्यानं श्वास सोडला. इतका लांब, की तो कुठं साठवून ठेवला होता कोण जाणे. “मी वर गेलोच नाही गं ताई,” तो म्हणाला. “तीन महिने. एकाही नाही. तळमजल्याला लिफ्ट उभी असेल तेव्हा कार्ड लावायचं आणि पळायचं. मशिनच्या खोलीपर्यंत जिन्यानं चढायचो, दाराला हात लावायचो, आणि उतरायचो. हात असा असताना त्या चिमट्यांना हात लावायची माझी छातीच होत नव्हती. मी स्वतः बसत नाही कुठल्याही लिफ्टमध्ये. भीती वाटते मला.”

आणि तो रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसा नव्हे, आवाज न करता, नुसता हलत. ती त्याला काय म्हणणार होती? शिव्या देता आल्या असत्या. त्याही तिच्याच वाट्याच्या निघाल्या असत्या. त्याच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास, त्याखालचा तो दुसरा वास, आणि साबणाचा वास असं सगळं मिळून तिच्या अंगावर येत होतं आणि त्या वासाखाली कुठेतरी तोच होता, सुतळीला डबा टांगणारा. तिला त्याची भीती वाटत होती, त्याच्यासाठी भीती वाटत होती, आणि या दोन भीतींच्या मधोमध ती इतकी दमली होती, की बाकाच्या पाठीवर तिनं डोकं टेकलं.

गावाबाहेरची बस आली. पायरीवर चढताना तिनं मागे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ओढू नका. आणि तिनं त्याची बाही सोडली तेव्हा तो अजून बसलेलाच होता. दांडा धरून ती आत उभी राहिली. इंजिन धडधडत होतं आणि ती धडधड दांड्यातून तिच्या हातात, हातातून छातीत चढत होती. कंडक्टर तिकिटांचं पुडकं घेऊन समोर आला. “बोला बाई, कुठं? एक का दोन?”

तिनं ठिकाण सांगितलं, तेवढंच. कंडक्टरनं पेन्सिल कानावरून काढली, वाट बघितली, आणि जरा वैतागून पुन्हा विचारलं, “किती माणसं?”

“दोन,” तिच्या पाठीमागून, पायरीवरून, कुणीतरी म्हणालं. आवाज कापत होता.